पम्यानं जागा ठरवली

नागपूर, रविवार

प्रिय दिल्या,

पम्यानं जागा ठरवली. तुला एवढं वाक्य पुरे, पण बाकीचंही ऐक. डिसेंबरात सगळ्यांनी पोरंबाळं घेऊन एक रात्र तंबूत काढायची ठरलं, तेव्हा तू फोनवर होतासच. काल यानं जाहीर केलं की तंबू नवेगाव खैरी धरणाच्या खाली, पेंच नदीच्या पात्रात, रेतीवर. पोट्ट्यांना सांगूनही टाकलं. आता ते नदी-नदी करून राहिले आणि वहिनी मला विचारून राहिल्या, "भाऊजी, बरोबर आहे ना हे?" तुझ्याशिवाय हा माणूस कोणाचं ऐकत नाही. फोनवर तू अर्ध्यातच "हौ बे, हौ बे" करतोस, म्हणून लिहून देतो. समोर धर आणि त्याला वाचून दाखव.

तब्येत ठीक. साखर होती तिथंच आहे, आईचे गुडघेही.

पहिला मुद्दा पाण्याचा. पात्र कोरडं दिसतं म्हणजे ते रात्रभर कोरडंच राहील असं नाही. वर तोतलाडोह धरण, त्याखाली नवेगाव खैरी. किती पाणी कधी सोडायचं हे वीज, सिंचन आणि शहराच्या पाण्याच्या गणितावर ठरतं. आकाशात ढग आहेत की नाहीत, याच्याशी त्याचा संबंध नाही. सोडण्याआधी भोंगा वाजवतात, पण वारा उलटा असला आणि माणसं रजईत असली की कोणाला ऐकू येणार? पम्या म्हणतो, "हिवाळ्यात नाही सोडत." त्याला विचार, हे त्याला कोणी लिहून दिलं?

दुसरं, रेतीचे टिप्पर. कन्हान-पेंचच्या पात्रात रात्री कोण कुठून गाडी घालतो, हे त्या भागातल्या कोणालाही विचार. काही तर दिवे न लावता येतात. अशा वाटेत पोरं झोपवायची?

तिसरं, खुंट्या. तंबूसोबत येणाऱ्या बारीक अॅल्युमिनियमच्या खुंट्या रेतीत हातानं उपटून येतात. रेतीत तंबू ठोकायचाच तर प्रत्येक दोरी रेती भरलेल्या पोत्याला बांधून ते पोतं हातभर खोल पुरावं लागतं. पाच तंबूंना अशी वीस-पंचवीस पोती होतात. पम्या पुरणार आहे का? तो मेसच्या हिशेबाची वही शोधायलाही कधी उठला नाही. (तुझे चाळीस रुपये अजून त्याच्याकडे निघतात, हे मी विसरलेलो नाही.)

चौथं, थंडी. थंड हवा जड असते, उतारानं खाली येऊन खोलगट जागी साचते. म्हणून नदी-नाल्याच्या पात्रात आणि तलावाच्या अगदी काठाला वरच्या टेकाडापेक्षा दोन-चार अंश कमी असतात आणि दवही जास्त पडतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता; आणि ते शहरातलं मोजमाप. झोपायच्या पिशवीवर दोन आकडे असतात. त्यातला आरामाचा आकडा बघायचा, सहन होण्याचा नाही. आणि अंगावर एक चादर कमी असली तरी चालेल, खाली दोन थर हवेतच. थंडी पाठीतून शिरते.

मग तो म्हणेल, "बरं, धरणाच्या वरच्या अंगाला, पाण्याकाठी." तिथं पाणी उतरलं की काठावर गाळाची पट्टी उघडी पडते. वरून वाळलेली दिसते, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. जरा वर जावं तर गावकऱ्यांची गाळपेर असते, त्यात हरभरा-गहू उभा. कोणाच्या पिकात तंबू टाकायचा नाही. त्याच्या पलीकडे जंगल, आणि अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं, थांबणं, विस्तव पेटवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. उमरेड-कऱ्हांडला आणि बोर अभयारण्यांच्या रानालाही हेच लागू. शिवाय तिथं वाघ आहेत. पम्याच्या घोरण्यानं ते लांब राहतील हे मला मान्य, पण त्याला डुलकी लागेपर्यंतचं काय?

अव्याचा पर्याय वेगळाच. अमरावती रोडवरचं कोणाचं तरी फार्महाऊस: लॉन, तंबू आधीच लावलेले, गरम पाणी. लॉनवर पाणी मारलेलं असतं, त्यामुळे रात्री तंबूचा तळ ओला होतो. आणि मुख्य म्हणजे बाजूच्या लॉनवर डीजे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही म्हणे! तू कधी शनिवारी त्या रोडला राहिला आहेस का?

मी शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या आतली, रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या बाजूची, पाण्यापासून सरकून थोड्या उंचावरची मुरमाड जागा बघतो आहे. कुंपण, रात्रीचा चौकीदार आणि संडास असलेली. मुरमात पाणी मुरतं. काळ्या कन्हार मातीत अवकाळी शिंतोडे आले तरी चप्पल काय, गाडीही निघत नाही, आणि डिसेंबरात असं होतं. मुरमात फक्त आठ-दहा इंची लोखंडी खिळे आणि चांगला हातोडा लागतो. खुंट्या आपल्याच न्यायच्या.

जागा पसंत करायची तर फोटोवर जाऊ नये. चारच्या सुमारास तिथं उभं राहून बघायचं. डिसेंबरात वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो, म्हणून दार दक्षिण-आग्नेयेला. सकाळी ऊनही लवकर लागतं. झाडाखाली तंबू नको, वाळकी फांदी वारा नसतानाही पडते. आणि मान वर करून पिंपळ, उंबर, काटेसावर नीट न्याहाळायची. आग्या मोहोळ असेल तर शेकोटीचा धूर थेट तिथं जाणार. असं झाड दिसलं की दुसरी जागा, त्यावर चर्चा नाही.

जागावाल्याला विचारायचं: तंबू किती आणि संडास किती, लाईट किती वाजता बंद, पिण्याचं पाणी कशाचं, शेवटचा कच्चा रस्ता किती, जवळचा दवाखाना कोणता. रामटेक जवळ आहे म्हणून माझा जीव निम्मा खाली आला. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यालाच चावते आणि चावल्याचं बहुधा कळत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात, काल जास्त जेवला. तंबूची चेन पूर्ण बंद, बूट आत, रात्री टॉर्चशिवाय पाऊल बाहेर नाही. काही झालंच तर चिरायचं नाही, बांधायचं नाही. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना. सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे की नाही, हे जायच्या आधी रुग्णालयात फोन करून विचारायचं.

ही जागा हुकली तर सिल्लारी. तिथं वनखात्याचं संकुल आहे. आणि जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (तारे नीट दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार राखलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तुझ्या पोराची दुर्बीण सार्थकी लागेल. १३-१४ डिसेंबरला मिथुनेतल्या उल्का असतात, पण चंद्र बघून तारीख धर. अडचण एकच: तेव्हा हिवाळी अधिवेशन. सरकारी विश्रामगृहं आणि भाड्याच्या मोठ्या गाड्या, दोन्ही मिळायची मारामार. बुकिंग याच आठवड्यात करायला लागेल. आणि सिल्लारीला पवनीवरून जायचं, नकाशात ती टाकली तर बघून टाक. सिल्लारीची पवनी जबलपूर रोडवर, देवलापारच्या अलीकडे. दुसरी भंडारा जिल्ह्यात. तुझा नकाशा आणि तू, दोघांचाही भरवसा नाही.

जेवण रोडगे आणि वांग्याची भाजी. हे वहिनींनी ठरवलं, त्यामुळे वाद नाही. पण गोवऱ्यांचा विस्तव वरून राख दिसला तरी आत पहाटेपर्यंत जिवंत असतो, म्हणून झोपताना बादलीभर पाणी ओतून काठीनं ढवळायचं आणि परत ओतायचं. लाकूड टालीवरून नेऊ, वीस किलो दोन तासांना होतं. रानातली काटकी उचलायची नाही. पिण्या-रांधण्याला माणशी चार लिटर पाणी. आणि थंडी वाजली म्हणून कोणी शेगडी तंबूत घेतली, तर मी त्याला बाहेर काढीन. कोळशाचा वायू दिसत नाही, वासही येत नाही.

तुझी नवी नोकरी कशी आहे? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? पिंकीचा निकाल कळव. पुण्यात थंडी म्हणजे काय असते ते सांगू नकोस.

पम्याला रविवारी सकाळी अकराच्या आत फोन कर, नंतर तो सावनेरला जातो. सुरुवात खुंट्यांपासून कर, पाण्यापासून नको. धोक्याचं नाव काढलं की त्याला चेव येतो. पंचवीस पोती पुरायची म्हटलं की आपोआप दुसरी जागा बरी वाटेल. आणि येताना तुझा तो मोठा लाकडी हातोडा आण.

तुझा,
सुध्या