पेपर आन पट्टी

दत्ता लेका,

परवा फोनवर तू हसलास, म्हणला पेपर वाटून कुठं पोरं शिकतेत व्हय, आन नेमकी रेंज गेली. म्हणून लिहायलोय.

आमच्या गावात पेपर येतात तीन. एक ग्रामपंचायतीत, दोन चहाच्या हॉटेलात, आणि हॉटेलातले दुपारी भज्याखाली जातात. मग हॉटेलवाल्याशी ठरवून टाकलं, बाराला दोन्ही पेपर शाळेत, रद्दीचे पैसे माझ्याकडून. तरी खेळाच्या पानावर तेलाचा डाग असतोच, त्यातून मागचं पान दिसतं आणि पोरं ती उलटी अक्षरं वाचायच्या मागं लागतेत.

सुरुवातीला घोटाळाच केला मी. न चाळता पेपर हातात दिला, एका पोरीनं खणखणीत आवाजात शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी वाचली, गाव शेजारचंच. वर्ग गप्प. मलाबी काय बोलावं सुचेना. आता आधी मी वाचतो. तसल्या बातम्या काढून नाही टाकत, पण कुणापुढं काय येतंय ते बघून घेतो.

पण खरी गंमत बाजारभावाच्या चौकटीत आहे बघ. २०२४ चा ऑक्टोबर, सातवीतला एक पोरगा उठला, धड्यातलं जोडाक्षर आलं की अडखळणारा, आणि म्हणतो, "सर, पेपरात सोयाबीन क्विंटलला ४,१५० आहे, आमच्या पप्पाला ३,८५० च दिला. पेपरवाले खोटं लिहितेत का ओ?" किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन रकाने असतेत हे मी तरी कधी नीट शिकवलं होतं! दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं आडत्याची पट्टीच, म्हणजे माल विकल्याची पावती, आणली, चार घड्या घालून कंपासात. ११ क्विंटल ४० किलो, वर पेननं लिहिलेलं, हवा १४. हवा म्हणजे ओलावा हे धान्याच्या बाजारात, मोंढ्यात जाणाऱ्याला सांगावं लागत नाही, पण आमच्या नव्या मॅडम पुण्याकडच्या, त्यांना पोरांनीच समजावलं. हमीभाव होता ४,८९२, पण सरकारी खरेदी केंद्रावर १२ टक्क्याच्या वर ओलावा चालत नव्हता, म्हणून ह्याच्या बापानं दिवाळीच्या तोंडावर मोंढ्यात घालून टाकलं.

आणि सुट्टी संपून शाळा भरली तर पेपरात बातमी, १५ टक्क्यापर्यंत ओलावा असला तरी केंद्रावर घेणार! पोरगं न सांगता फळ्यापाशी गेलं, ४,८९२ वजा ३,८५०, गुणिले ११.४, दशांश चिन्ह बरोबर जागी, उत्तर ११,८७८ रुपये ८० पैसे. खडू ठेवला आणि म्हणला, "आमचं तर विकून झालं." दशांशाचा गुणाकार मी त्या वर्गाला तीनदा शिकवला होता लेका.

६ जानेवारीला, पत्रकार दिनाला, भिंतीवर आमचा पेपर लावला. १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं त्यात एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी असायचं, तसंच दोन रकाने केले. इंग्रजीत लई चुका, राहू दिल्या. शेवटच्या पानाच्या तळाला ती बारीक ओळ असते ना, मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, तीबी पोरांनी टाकली आणि मुद्रक कोण यावरून भांडणं. शेवटी ज्याचं अक्षर चांगलं तो मुद्रक.

तू पुढच्या रविवारी येणार म्हणलास ना, तर परभणीकडच्या आवृत्तीचे आठ दिवसांचे पेपर घेऊन ये, भज्याचे नको, कोरे. तुमच्या मोंढ्यात भाव जास्त असतो का ते पोरांना लावून बघायचंय, आणि गाडीभाडं किती जाईल तेबी विचारून ठेव, ते मला आधीच विचारायलेत.

तुझाच,
बाळ्या