पक्या, लिंक येतेय, आधी हे वाच

प्रिय पक्या,

फोन उचलत नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर वाच. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू, आई मजेत.

परवा मोडी लिपीच्या वर्गाला ४० जागा आणि आली ४६ माणसं. सगळ्यांनी १२०० भरलेले, सगळ्यांकडे स्क्रीनशॉट! गूगल फॉर्म चाळीसला बंद झाला होता रे, पण आमचा क्यूआर कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि क्यूआर कधी हाउसफुल्ल होत नाही, येईल त्याचे पैसे घेतो. खुर्च्या शेजारच्या कार्यालयातून आणल्या, बोरू मात्र मोजून ४०, मग काहींना दोघांत एक. गॅदरिंगची कुपनं आठवली ना? ती जास्तीची तूच छापली होतीस, मी अजून ठाम आहे.

रात्री हिशेबाला बसलो तर पैसे नवऱ्याच्या खात्यातून, फॉर्मवर नाव बायकोचं, स्क्रीनशॉट मुलीने पाठवलेला, आणि मी १२ आकडी यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा नंबर, जुळवत बसलोय. म्हणून आता सॉफ्टवेअर घ्यायचंच, पैसे जमा झाले तरच जागा पक्की होईल असं.

अण्णा अडून बसलेत. त्यांचं म्हणणं, २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला चार्ज नाही, मग कशाला द्यायचे? मी बघितलेला गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी कंपनी, २ टक्के घेतो, वर त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे माणशी २८ रुपये ३२ पैसे, चाळीस जणांचे ११३३. तेवढे मी हसत देईन. माझी खरी धास्ती वेगळीच आहे, तिकिटं विकणाऱ्या काही साइट्स कार्यक्रम झाल्यावरच आपले पैसे सोडतात, आणि हॉलवाल्याला ॲडव्हान्स आधी लागतो. बोरूवाल्यालाही. शिवाय रिफंड दिला तर गेटवेची फी आपल्याच बोडक्यावर. अशा साइट्सपैकी टाउनस्क्रिप्ट पुण्यातलंच, म्हणून अण्णा जरा विरघळलेत, पण त्यांचा पहिला प्रश्न काय, तर 'पावती छापील मिळेल का?'

तुझं नवीन ऑफिस कसंय? वहिनीचं पोस्टिंग झालं का? घर बदललंस म्हणे, पत्ता टाक.

आणि एक काम. ट्रायलची लिंक पाठवतोय, १ रुपयाची. तू भरू नकोस, काकूंना त्यांच्या फोनवरून भरू दे, मागे उभं राहून बोटं दाखवायची नाहीत. कुठे अडल्या तेवढं कळव, अण्णांना उद्या उत्तर द्यायचंय.

तुझाच,
बाळ्या