पुढच्या वीस वर्षांच्या आराखड्यासाठी तुमचा थोडा वेळ हवा आहे

सप्रेम नमस्कार,

आपल्या शहराच्या विकास आराखड्याची फेरतयारी सुरू झाली आहे. जागेवर आज काय काय आहे याची नोंद आधी होईल. त्यावरून विद्यमान जमीन वापराचा नकाशा बनेल आणि मग प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध होईल. या सगळ्या टप्प्यांवर नागरिकांच्या बाजूने अभ्यास करून लेखी म्हणणं मांडायचं, असं आमच्या नागरिक समितीने ठरवलं आहे. आमच्या मोजक्या हातांना हे काम झेपणारं नाही, म्हणून हे आवाहन.

घरं कुठे, कारखाने कुठे, कोणता रस्ता किती रुंद होणार, शाळा, दवाखाना, मैदान, मंडई आणि स्मशानभूमी यांसाठी कोणती जागा राखून ठेवायची, हे सगळं या आराखड्यात ठरतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली तो तयार होतो आणि साधारण वीस वर्षांतून एकदा त्याची सुधारणा होते. आज बालवाडीत जाणारी मुलं नोकरीला लागतील तेव्हाही शहर याच नकाशावर चाललेलं असेल. नगरसेवक निवडायची संधी दर पाच वर्षांनी मिळते, ही तशी मिळत नाही.

कायद्याने लोकांना यात जागा दिली आहे. प्रारूप प्रसिद्ध झालं की ठरावीक मुदतीत कुणालाही लेखी हरकत किंवा सूचना देता येते. त्यावर नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि त्यांच्या जोडीला बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. हरकत घ्यायला सातबारा नावावर असावा लागत नाही. भाडेकरू, फेरीवाले, वस्तीत राहणाऱ्या बायाबापड्या, कॉलेजातली मुलं, सगळ्यांना हा हक्क आहे. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचत नाही, कारण जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते आणि नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लागतो.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. ज्याच्या प्लॉटवर आरक्षण पडतं, म्हणजे ज्याची जागा अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली जाते, तो धावतपळत हरकत घेतो. घ्यावीच, तो त्याचा हक्क आहे. त्याच्यासोबत वकील असतो, मोजणीचा नकाशा असतो, सुनावणीची तारीख त्याच्या लक्षात असते. पण ते मैदान राहू द्या, त्या ओढ्याकाठची जागा मोकळीच ठेवा, हे सांगायला नियोजन समितीपुढे कोण जातं? मैदान सगळ्यांचं असतं, म्हणून त्याच्या बाजूने कागद देणारं कुणीच नसतं. आरक्षण उठवा म्हणणारे पन्नास अर्ज आणि ठेवा म्हणणारा एकही नाही, असं चित्र समितीपुढे गेलं तर काय होईल हे सांगायला नको. चांगल्या आरक्षणाला पाठिंबा देणारी सूचनासुद्धा लेखी द्यावी लागते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

लोकांनी लक्ष घातलं तर काय होतं, हे मुंबईने दाखवलं आहे. २०१४ ते २०३४ या काळासाठीचा तिथला प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नागरिकांनी, वास्तुरचनाकारांनी, वस्त्यांमधल्या संघटनांनी तो नकाशा जागेशी ताडून पाहिला आणि चुका बाहेर काढल्या. हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो आराखडा रद्द करून नव्याने करायला लावला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. तो आराखडा सर्वांच्या मनासारखा झाला असं कुणी म्हणणार नाही. तरी चुकीचा नकाशा निमूटपणे पुढे गेला नाही, हे मोठं काम होतं.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. 'आमच्या भागावर अन्याय झाला आहे, फेरविचार व्हावा' असा अर्ज दिला तर त्यावर समितीला करण्यासारखं काही नसतं. त्याऐवजी असं लिहावं लागतं: प्रारूप नकाशात अमुक सर्व्हे नंबरमध्ये प्राथमिक शाळेचं आरक्षण आहे, जागेवर त्याच्या पूर्व हद्दीतून ओढा वाहतो, तो नकाशात दाखवलेला नाही, ही जागा निळ्या पूररेषेच्या आत येते, सोबत पावसाळ्यातला फोटो आणि मोजणी नकाशाची प्रत जोडली आहे, शाळेसाठी त्याच रस्त्यावरच्या अमुक सर्व्हे नंबरमधल्या सरकारी जागेचा विचार व्हावा. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. असा एक अर्ज तयार करायला जागेवर जावं लागतं, कागद काढावे लागतात, जुना मंजूर आराखडा शेजारी ठेवून पाहावा लागतो. एकाच मजकुराच्या शेकडो छापील प्रतींपेक्षा असे वीस अर्ज आम्हाला जास्त मोलाचे वाटतात.

तेव्हा पहिली मदत हवी ती पायांची. प्रत्येक प्रभागात तीन-चार जणांची टोळी करून गल्लीगल्ली फिरायचं आहे. विहिरी, ओढे, वापरातली मैदानं, अंगणवाड्या, आठवडी बाजाराच्या जागा, जुनी झाडं, रस्त्यांची जागेवरची रुंदी यांची नोंद करायची आहे. हे काम प्रारूप येण्याआधीच व्हायला हवं. मुळात विद्यमान वापराच्या नकाशातच ओढा नसेल तर पुढे हरकतीच्या मुदतीत त्यासाठी झगडत बसावं लागतं. शिकवायला आम्ही आहोत. मोबाइलवर फोटो काढता येतो आणि वहीत स्वच्छ लिहिता येतं एवढं पुरे.

निवृत्त भूमापक, तलाठी, नगररचनेत काम केलेली माणसं, वास्तुरचनाकार आणि वकील यांना खास विनंती आहे. महिन्यातून एक संध्याकाळ द्या आणि आमच्या नोंदी तपासा. तुमची एक दुरुस्ती आमची आठवडाभराची धडपड वाचवते. ज्येष्ठ नागरिकांनी आपल्या भागात पाणी कुठवर चढायचं, कोणता ओढा कधी बुजवला, हे सांगावं; आम्ही घरी येऊन लिहून घेऊ.

पैसेही लागतील. नकाशांच्या मोठ्या प्रती, जुन्या अभिलेखांच्या नकला, माहिती अधिकारात मागितलेल्या कागदांचं शुल्क आणि वस्त्यांमधल्या सभांसाठी सोप्या मराठीतली पत्रकं, एवढाच खर्च आहे. मानधन कुणालाही नाही. जमेल ती रक्कम द्या, प्रत्येकाला पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याच्या सभेत वाचला जाईल. ज्यांच्या जमिनीवर आरक्षण आहे किंवा ज्यांचा बांधकामाचा व्यवसाय आहे, त्यांच्याकडून मात्र आम्ही देणगी घेणार नाही. त्यांनी माहिती द्यावी, सभेला यावं, त्यांचंही ऐकून घेऊ.

आराखडा मंजूर झाला की काम संपलं, असं नाही. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर याच कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीच्या मुदतीतही संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. म्हणून प्रत्येक आरक्षणाची एक नोंदवही ठेवून दर अर्थसंकल्पाच्या वेळी भूसंपादनासाठी तरतूद झाली का, हे विचारणारी माणसंही हवी आहेत. हे काम कित्येक वर्षं चालणारं आहे, तेव्हा तरुण मंडळींनी ते अंगावर घ्यावं.

आमच्या नागरिक समितीच्या पुढच्या सभेला या. येताना आपल्या भागाचं नाव, आठवड्यातले कोणते तास देता येतील आणि कोणतं काम जमेल, एवढं कागदावर लिहून आणा. त्यावरून त्याच सभेत प्रभागनिहाय टोळ्या ठरतील आणि येत्या रविवारपासून फिरायला सुरुवात होईल.

आपली,
नागरिक समिती