सुकतीला दिसणारा तळ

मालवण,
पौष शुद्ध एकादशी, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आज एकादशी. आई, तुझा उपास, आणि माझाही जवळजवळ तसाच, कारण एकादशीला इथे गळाला फारसं काही लागत नाही. का, ते पुढे येईलच. रविवार असून घरी बसले आहे, तर म्हटलं पत्र लिहावं. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि तू मध्ये बसून सांगतेस तेव्हा निम्मं गाळतेस. मागे मी "जेटीवर घसरले" म्हणाले, तर तू बाबांना "तिकडे हवा छान आहे" असं सांगितलंस. मी ऐकत होते.

तर बाबा, तुम्ही दिवाळीत विचारलं होतंत, समुद्रावर गळ टाकतेस की सोडून दिलंस? टाकते. इथे त्याला गरवणं म्हणतात, गळाला गरी. जूनमध्ये बदली होऊन आले तेव्हा नुसती बघत होते. १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या बोटींना बंदीच असते, आणि पावसातला दर्या काठावरूनसुद्धा जवळ जाण्यासारखा नसतो. नारळी पौर्णिमा झाली, पाणी जरा निवळलं, आणि एका रविवारी तुमची काठी घेऊन मी चिवल्याच्या किनाऱ्यावर गेले. चाळीस वर्षं उजनीच्या पाण्यावर बसलेली बाई. मनात थोडी मिजास होतीच, खोटं कशाला बोलू.

ज्वारीच्या चिपाडाचं भेंड सोलून तुम्ही तरंगायला बांधता तसंच बांधलं. बारीक नायलॉनचा तंगूस, छोटा गळ, कणकेची गोळी. झोकात फेकलं. दोन लाटा गेल्या आणि तिसऱ्या लाटेबरोबर भेंड माझ्याच पायाशी आलं. कणीक विरघळून गेलेली, तंगुसाचा गुंता, आणि गळात शेवाळ. पुन्हा फेकलं, पुन्हा पायाशी. शेजारी एक सात-आठ वर्षांचा पोरगा वाळूत खेकडे उकरत होता, तो दर वेळी वर बघायचा. चौथ्या वेळी म्हणाला, "ता परत येतला." मग मीच आवरलं.

पुढचा दीड महिना असाच गेला. जाड तंगूस घेतला, शिसं लावलं, कणीक सोडून कोळंबी लावायला लागले. बारा फुटी काठी घेतली, ती किती रुपयांची ते पत्रात लिहीत नाही. तरी रिकामीच. जी मुख्य गोष्ट तुम्ही मला शिकवली होती, तीच इथे आडवी येत होती. जागा धरायची, हालचाल करायची नाही, वाट बघायची. कुंभारगावच्या काठाला आपण सकाळी सहाला बसायचो ते उन्हं डोक्यावर येईपर्यंत. मी इथेही तशीच बसायचे, चार-चार तास. लोक यायचे, तासभर गरवायचे, पिशवीत काहीतरी टाकून निघून जायचे. मी आपली बसलेली. मला वाटायचं, यांना धीर नाही.

शेवटी जेटीवरच्या एका म्हाताऱ्यांनाच माझी दया आली. त्यांना सगळे तात्या म्हणतात. बाबांच्याच वयाचे असतील. आयुष्य रापणीवर, म्हणजे काठावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर गेलं, आता हौसेने गरी घेऊन बसतात. म्हणाले, "गे बाय, ह्यो दर्यो आसा, तुझी तळी न्हय. पाणी चलता तवसर मासो खाता. उभ्या पाण्यार बसान काय करतलस?"

उभं पाणी म्हणजे भरती पूर्ण चढल्यावर किंवा ओहोटी पूर्ण लागल्यावर पाणी जरा वेळ थांबतं ते. पाणी चालू असलं की त्याबरोबर किडा-कोळंबी वाहते, आणि मासा त्यामागे काठाला येतो. पाणी थांबलं की तोही थांबतो. म्हणजे इथे वाट बघायची ती घरी. काठावर यायचं ते वेळेवर, आणि वेळ संपली की निघायचं. हे समजायला मला पन्नाशी गाठावी लागली.

मग मी विचारलं, वेळ कशी कळते? मोबाइलवर सगळं येतं म्हणा. पण तात्यांनी सांगितलं ते आई, खास तुझ्यासाठी. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जे येईल ते भरतीचे वाजले. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पावणेचारला भरती. अष्टमीला सहा वाजता. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, एकीपासून दुसरी साधारण सव्वासहा तासांनी. दहा-वीस मिनिटं इकडे-तिकडे होतं, पण मी दोन महिने ताडून बघितलं, हिशेब चुकत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरावर तू वर्षानुवर्षं एकादश्या आणि संकष्ट्यांना गोल करतेस, मला वाटायचं त्याचा उपयोग फक्त साबुदाणा कधी भिजवायचा एवढाच.

आणि एकादशीचं कारण हे. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती. पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं, पुरुषभर उंचीचा फरक पडतो. अष्टमीनंतर त्याचा जोर जातो, त्याला भांग म्हणतात. दशमी-एकादशीपर्यंत पाणी नुसतं आळसावल्यासारखं हलतं. तेव्हा मासाही उपाशी आणि गरवणाराही.

आता बाबा, हे पत्र खरं तर ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते सांगते.

ऑक्टोबरात एका अमावास्येला तात्या म्हणाले, "सांजेक सुकतीक ये. गरी हाडू नको, नुसते डोळे हाड." सुकती म्हणजे ओहोटी. पाच वाजता गेले. पाणी इतकं आत गेलेलं की जिथे मी दीड महिना शिसं फेकत होते ती जागा कोरडी पडली होती. मी चालत तिथे गेले. सपाट वाळू, एक खडा नाही, एक खळगा नाही. माशाने तिथे यावं तरी कशाला? तिथून वीस पावलांवर डाव्या हाताला खडप होतं, म्हणजे खडकांचा पट्टा, कालवांनी भरलेला, आणि खडपाच्या कडेने वाळूत एक चर गेला होता, गुडघाभर खोल. त्यात अजून पाणी होतं आणि पाण्यात बोटभर पिल्लं पळत होती. माझी तीन शिसं तिथल्याच कपारीत अडकलेली सापडली. तात्यांनी काही सांगितलं नाही, नुसते विडी ओढत उभे होते.

आणि मला तुम्ही आठवलात. नावेतून जाताना तुम्ही कधी पाण्याकडे बघायचा नाहीत. लांबच्या टेकडीकडे आणि पाण्याच्या टाकीकडे बघायचा आणि म्हणायचा, "थांबव. खाली विहीर आहे." मग म्हणायचा, "आता चार हात पुढं, इथं बांध. बांधाच्या दगडांत वाम असणार." आणि असायची. लोकांना वाटायचं तुमचा हात चांगला आहे. हात नव्हता तो, तुम्हाला तळ पाठ होता. १९८० साली धरण पुरं झालं, त्याच्या आधी तीच साडेचार एकर तुम्ही नांगरत होतात. पाण्याखालच्या बाभळीचा बुंधा कुठे आहे हे तुम्हाला कळायचं, कारण ती बाभळ तोडायची राहून गेली म्हणून तुम्ही आजोबांच्या शिव्या खाल्ल्या होत्यात. मी लहान असताना हे सगळं गंमत म्हणून ऐकायचे. धरण उणेत गेलं, जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडलं, की आई तू आम्हाला घेऊन जायचीस आणि बाबा यायचे नाहीत. ते का यायचे नाहीत हे मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही.

एवढंच सांगते की उजनीचा तळ बघायला दुष्काळ पडावा लागतो. इथे तो दिवसातून दोनदा उघडा पडतो, पुन्हा झाकला जातो, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. बायका कोयत्या घेऊन कालवं काढतात, पोरं क्रिकेट खेळतात. मी दर उधाणाला वही घेऊन जाते. खडप कुठे, चर कुठे, कुठून किती पावलं, समोर किल्ल्याचा कोणता बुरूज दिसतो, मागे कुठला माड. तुमच्या टेकडी आणि टाकीसारखं. फरक एवढाच की पावसाळा झाला की वाळू हलते आणि वही निम्मी खोटी ठरते, असं तात्या म्हणतात. बघू.

दिवाळीनंतर भरती चढताना त्या चराच्या तोंडाशी बारीक गरीला कोळंबी लावून टाकली. टुक, टुक, मग एक झटका. मुडदुशी. वीतभर, रुपेरी, नाजूक तोंडाची. तासाभरात नऊ लागल्या. उभं पाणी झालं तशी मी वस्तू आवरल्या आणि निघाले. तात्या लांबून बघत होते, त्यांनी मान हलवली. बँकेत पहिलं प्रमोशन मिळालं तेव्हा मला एवढं झालं नव्हतं.

खारं पाणी सामानाचं वाटोळं करतं हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. बाबा, तुमचं जुनं रीळ गेलं. पहिल्या महिन्यात मी ते तसंच पिशवीत ठेवलं, पंधरा दिवसांनी काढलं तर आतून गंजून दगड झालेलं. उजनीवर तीस वर्षं ते नुसत्या फडक्याने पुसून चाललं होतं. आता घरी आल्याबरोबर सगळं गोड्या पाण्याने धुते, वाळवते, मगच चहा. रागावू नका. रागवायचं असेल तर समोर आल्यावर रागवा.

आणि आई, आता जे लिहिते ते बाबांना वाचून दाखवताना गाळू नकोस, मी धडधाकट आहे. मार्गशीर्षात मला शेंगाळ्याने मारलं. आपल्याकडच्या शिंगट्यासारखाच मिशीवाला मासा. मी म्हटलं, असे शेकडो धरलेत, आणि उजनीवर धरते तसाच मुठीत धरला. त्याला पाठीवर एक आणि बाजूंना दोन काटे, करवतीसारखे, आणि इथल्याच्या काट्याला विष असतं. अंगठ्याच्या मुळाशी घुसला. दोन मिनिटं काही वाटलं नाही, मग कोपरापर्यंत अशी कळ गेली की मी जेटीवर मटकन खालीच बसले. तात्यांनी चहावाल्याकडून पातेलंभर गरम पाणी आणवलं, स्वतःचा हात घालून बघितला आणि माझा हात त्यात बुडवला. सोसेल इतकं गरम, निवलं की पुन्हा नवं. उष्णतेने ते विष निकामी होतं, डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं. तासाभरात कळ उतरली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. आता नुसता एक काळा ठिपका आहे. आता शेंगाळा लागला की चिमट्याने धरते. आणि केंड लागला तर गरीसकट तोडून टाकते, तो फुगणारा मासा विषारी, आणि दात असे की तंगूस कातरीसारखा कापतो.

तात्यांचा नातू मला शिकवताना वैतागतो. काठी अशी नको, अशी धर, गाठ चुकली, परत बांध. तिसऱ्यांदा चुकले की कपाळाला हात लावतो. परवा मला एकदम आठवलं, मोबाइलवरून लाइटबिल भरायला शिकवताना मी बाबांवर फोनवर कशी ओरडले होते. चुकलंच माझं.

आई, तू विचारलं होतंस, समुद्राच्या माशाला मीठ घालावं लागतं का? लागतं. मासा खाऱ्या पाण्यात राहतो, खारा होत नाही. शेजारच्या काकू सोलं आणि तिरफळं घालून कालवण करतात, छान लागतं. मी एकदा मुडदुश्यांना आपलं काळं तिखट लावून तळल्या आणि त्यांना दिल्या. दुसऱ्या दिवशी डबा परत करताना त्यांनी विचारलं, "ह्या मसाल्यात काय घालतास?" संपत आलंय. येताना आण.

हो, येताना. माघी पौर्णिमेला या. बाबांना आता एसटी फुकट आणि तुला अर्धं तिकीट, त्यामुळे "खर्च कशाला" हे चालणार नाही. कोल्हापूरला एक रात्र थांबा, दुसऱ्या दिवशी फोंडा घाटाने कणकवली, तिथे मी न्यायला येते. बाबांच्या गुडघ्यांचं मी बघून ठेवलंय. चिवल्याची वाळू सुकतीला घट्ट असते, काठी टेकली तर रुतत नाही, आणि मध्ये बसायला एक पालथी होडी आहे. गळ टाकायचा नाही. त्यांनी नुसतं चालायचं आणि मला सांगायचं की या तळावर मासा कुठे बसेल. खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या मुळांपाशी मी तीन महिने तांबोशीच्या मागे आहे. दोनदा लागली, दोन्हीदा मुळांत शिरून तंगूस तोडून गेली. तात्या म्हणतात जागा बरोबर आहे. मला बाबांचं मत हवंय.

भेंडं मात्र आणू नका, ती परत येतात.

पौर्णिमेला सुकती संध्याकाळी किती वाजता ते आई तू काढ. पंधरा गुणिले पाऊण ही भरती, त्यात सव्वासहा तास मिळव. फोनवर उत्तर सांग, मी ताडून बघते.

तुमची,
ताई