गुलदार ठीक आहे, पण बोटी कुठे बांधणार?

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

नौदलातून निवृत्त झालेलं गुलदार जहाज इथल्या समुद्रात बुडवून टुरिस्टांना दाखवायचंय, त्याबद्दल तुमच्या पेपरात येतंय ते सगळं वाचतोय. समुद्राखालचं म्युझियम, पाणबुडीतून सफर, केंद्राचे जवळपास 47 कोटी, सगळं छापून आलं. पण निवती रॉक या समुद्रातल्या खडकाजवळ ते जहाज बघायला ज्या बोटी जाणार त्या तिथे उभ्या कशा राहणार हे काही कुठे वाचायला मिळालं नाही. समुद्रात हँडब्रेक नसतो हो! आणि आज मालवणात याला एकच उत्तर आहे, टाक नांगर.

मी इथे बरीच वर्षं डायव्हिंग करतोय, आधी शौक म्हणून आणि आता सीझनला गाईड म्हणूनही, त्यामुळे खालून काय दिसतं ते सांगतो. वर पोरगा नांगर फेकतो, दोर सुटला की त्याचं काम झालं. खाली ते चार हुकांचं लोखंड आधी प्रवाळाच्या गोट्यावर आपटतं, तिथून घसरत जातं आणि मिळेल तिथे अडकतं. सकाळी मतलई असतो तोवर बोट गपगुमान असते, पण दुपारकडे वारा फिरला की बोट वळते आणि नांगराची साखळी खडकावरून अर्धं वर्तुळ घासत जाते. तपकिरी प्रवाळावर पांढराफेक पट्टा उठतो. ताजा असेल तर त्यावर टोचे मारायला लगेच बारके मासे जमतात आणि टुरिस्ट लोक खूश होऊन त्याचाच व्हिडिओ काढतात, किती मासे बघा म्हणून. निघताना नांगर सुटत नाही, मग इंजिन रेस करून ओढायचा, वर येताना बशीएवढा तुकडा घेऊनच येतो. कोणाला वाईट वाटत नाही असं नाही, पण पुढची ट्रिप किनाऱ्यावर उभी असते.

इथे गोटे करून वाढणारं पोरायटीस जातीचं प्रवाळ आहे, ते वर्षाला साधारण 1 सेंटीमीटर वाढतं, म्हणजे पिंपाएवढा गोटा आमच्या बऱ्याच गाईड पोरांपेक्षा वयाने मोठा असतो. आणि हे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. वाघावर कोणी लोखंड फेकलं असतं तर तुम्ही पहिल्या पानावर घेतलं असतं.

आता कोणी म्हणेल की अभयारण्य 1987 सालीच झालंय, 29 चौरस किलोमीटरचं, मग वनखातं बघेल की. अभयारण्य म्हटलं की इथे डोकी तापतात, पारंपरिक मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि मला विचाराल तर किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्याच्या पोटाचा प्रश्न आहे तो, त्यात चूक काही नाही. पण नांगराऐवजी बोटी बांधायला बोया, म्हणजे तळाशी पक्के बांधलेले तरंगते गोळे, लावायला तो वाद मिटायची वाट बघायचं कारण नाही. बोयाने कोणाची मासेमारी बंद होत नाही.

काम तरी काय असतं, तर जिथे प्रवाळ नाही अशा उघड्या खडकात भोक पाडायचं, त्यात स्टीलचा डोळा सिमेंटने बसवायचा, त्याला दोर, दोर तळाला घासू नये म्हणून मधे एक छोटा फ्लोट आणि वर बोया. बोट आली की हुक टाकून दोर उचलायचा आणि बांधायचा, बस. अमेरिकेत फ्लोरिडाच्या ‘की लार्गो’ बेटावर जॉन हॅलस नावाच्या जीवशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत बसवली आणि नंतर ती जगभर गेली. त्याच ‘की लार्गो’ला 2002 साली स्पीगल ग्रोव्ह नावाचं जहाज मुद्दाम बुडवलं, गुलदारसारखंच फौज किनाऱ्यावर उतरवायच्या कामातलं नौदलाचं जहाज, फक्त लांबीला जवळपास दुप्पट, 155 मीटर. तिथे डायव्ह बोटी बोयालाच बांधतात. ते जहाज ठरल्या वेळेच्या काही तास आधीच उलटं होऊन बुडालं, मग खटपट करून कुशीवर आणलं, आणि 2005 च्या डेनिस वादळाने ते आपोआप सरळ केलं! एवढ्या धुडाला समुद्र असा फिरवतो तर आपल्या जूनच्या दर्यात बोयाचं काय होईल, म्हणून त्या मे अखेरीला काढायच्या आणि पावसाळ्यानंतर दोर तपासून परत लावायच्या हेही कामात धरावं लागेल, नाहीतर उद्घाटनाला लावलेल्या बोया पुढच्या सीझनला देवबागच्या वाळूत सापडतील.

बालीतल्या तुलांबेनचं उदाहरण बरेच जण देतात. तिथलं लिबर्टी जहाज 1942 मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झालं, किनाऱ्याला लागलं आणि 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखी जागा झाला तेव्हा सरकून पाण्यात गेलं. पण ते किनाऱ्यापासून इतकं जवळ आहे की लोक चालत पाण्यात उतरतात, गावातल्या बायका डोक्यावरून टाक्या वाहून आणतात. तिथे बोटीचाच प्रश्न नाही. आपल्याकडे निवती रॉकला बोटीशिवाय जाताच येत नाही, त्यामुळे ते उदाहरण इथे चालत नाही.

बोटवाल्यांचा विरोध का असतो तेही सांगतो, कारण मी रोज त्यांच्यातच असतो. दहा बोया म्हणजे एका वेळी दहाच बोटी. नाताळात आणि मे महिन्यात किती बोटी जातात हे सगळ्यांना माहीत आहे. मग नंबर लावा, टोकन द्या, भांडणं होतील, होऊ देत. गर्दीला लगाम बसेल हा बोयाचा दुसरा फायदाच आहे, फक्त तो मीटिंगमध्ये कोणी उघड बोलत नाही.

नंबर लावताना एक गोष्ट मात्र आत्ताच ठरवा. पंधरा-वीस मिनिटांचं पॅकेज घेऊन आलेला, पोहता न येणारा, ज्याची टाकी मागून गाईडने धरलेली असते, असा माणूस जहाजावर नेऊ नका. त्याच्यासाठी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा उथळ रीफ आहेच. ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केलेल्याला 18 मीटरपर्यंत जाता येतं, आणि जहाजाच्या आत शिरायला तर वेगळं ट्रेनिंग लागतं. आत पायातली एक फिन चुकीची मारली की गाळ उठतो आणि दार दिसेनासं होतं. स्पीगल ग्रोव्हच्या आत 2007 साली तीन डायव्हर गेले ते परत आले नाहीत. आपल्याकडे तर नदीच्या तोंडाशी पाणी मुळातच गढूळ. तारकर्लीला सरकारचीच स्कूबा संस्था आहे, खोल टँक आहे, तिथे आपल्या बोटीवरच्या पोरांना हे शिकवता येईल.

सीझन चालू झाला की कोणाला वेळ नसतो हे आम्हालाही कळतं. म्हणून जागा ठरवणं, परवानग्या, टेंडर हे सगळं पावसाळ्यात उरका, जागा ठरवायला निवतीच्या आणि मालवणातल्या दांडीच्या जुन्या मच्छीमारांना बोलवा, त्यांना तिथला एकेक खडक नावानिशी माहीत आहे. म्हणजे दिवाळीनंतर पाणी निवळलं की लगेच ड्रिलिंगला हात घालता येईल.

आपला,
एक डायव्हर, मालवण