एफ्टेलिंगला येताना वरात घरी ठेवून या

आइंडहोवन, नेदरलँड्स, रविवार

प्रिय वहिनी,

तुझा मेसेज बघितला, "एफ्टेलिंगला एक दिवस पुरेल ना गं?" म्हणून. व्हॉट्सॲपवरच उत्तर टाइप करायला घेतलं तर अंगठा दुखायला लागला, म्हणून आता सरळ पत्रच लिहितेय. दादाला प्रिंट काढून आणायला सांग म्हणजे बाबा पण वाचतील. आईला मात्र तूच वाचून दाखव आणि जिथं तिचं नाव येईल तिथं जरा गाळून वाच, का ते कळेलच.

तर या परीकथांच्या पार्कला एक दिवस पुरतो. पण एका अटीवर, आपण आठ जण आठ जणांसारखे फिरलो नाही तर. तुला माहितीये आपलं कसं असतं, कुठंही गेलो की वरात असते. एकाला शू लागली की सगळे बाथरूमच्या बाहेर उभे, एकाला आइस्क्रीम हवं की सगळे आइस्क्रीमच्या गाडीपुढे, आणि "अगं बाबा कुठं गेले?" यात वीस मिनिटं. गेल्या वर्षी ऑफिसमधल्या चार घरांचे मिळून आम्ही तेरा जण गेलो होतो. दुपारचे चार वाजले तेव्हा आमच्या मोजून तीन राइड झाल्या होत्या, मी एका झाडाखाली चार जॅकेटं, दोन पाण्याच्या बाटल्या आणि कुणाचा तरी एक बूट घेऊन उभी होते, आणि तो बूट कुणाचा आहे तेसुद्धा मला माहीत नव्हतं. तेव्हाच ठरवलं, आपली माणसं येतील तेव्हा हे करायचं नाही.

आधी हे काय प्रकरण आहे ते सांगते, कारण दादाच्या डोक्यात खोपोलीचं इमॅजिका असणार. हे तसं नाहीये. हे १९५२ साली सुरू झालं, म्हणजे अमेरिकेतल्या डिस्नीलँडच्याही तीन वर्षं आधी, आणि तेव्हा इथं राइड वगैरे काही नव्हतं, नुसतं एक जंगल आणि त्यात परीकथांची दहा ठिकाणं. अँटन पीक नावाचा चित्रकार होता त्यानं ती सगळी काढली, वाकडी कौलं, पोक आलेल्या भिंती, शेवाळ धरलेल्या विहिरी, आणि पीटर रेनडर्स म्हणून एक होता त्यानं त्यातलं हलणारं बोलणारं सगळं बनवलं. ते जंगल अजून आहे आणि वाढत वाढत गेलंय. रोलर कोस्टर बिस्टर नंतर आले. त्यामुळं इथल्या डच लोकांना विचारलं की तुमचं लहानपणीचं एफ्टेलिंग काय, तर कुणी कोस्टरचं नाव घेत नाही, सगळे लांगनेकचं सांगतात. लांगनेक म्हणजे एक बसलेला माणूस, त्याची मान हळूहळू वर वर जाते, झाडांएवढी, आणि परत खाली येते. बास. एवढंच. पण पिल्लू तिथून हलणार नाही, लिहून देते.

आता कधी यायचं. तुमचं तिकीट मेच्या दुसऱ्या आठवड्याचं आहे ते एकदम भारी झालंय, कारण इथल्या शाळांना एप्रिलच्या शेवटापासून मेच्या सुरुवातीपर्यंत मे महिन्याची सुट्टी असते, तेव्हा तिकडं पाय ठेवायला जागा नसते. ती संपली की जुलैपर्यंत शाळा चालू आणि आपल्याकडं मात्र उन्हाळ्याची सुट्टी, म्हणजे आपल्याला रान मोकळं. फक्त मधे हेमेलफार्ट आणि पिंक्स्टरन असे दोन सण येतात, त्यांच्या जोडून सुट्ट्या असतात, ते दिवस सोडायचे. आणि बुधवार पण नको, इथं बऱ्याच शाळा बुधवारी दुपारी लवकर सुटतात. मंगळवार नाहीतर गुरुवार बघू. तिकीट तारखेचं असतं, गर्दी नसलेल्या दिवशी स्वस्त पण पडतं, ते मी इथूनच काढते. चार वर्षांच्या आतल्यांना फुकट आहे, पण पिल्लूला चार पूर्ण झालीत, तेव्हा दादानं "अजून लहान आहे म्हणून सांगू" असलं एसटीतलं डोकं इथं चालवायचं नाही, मला इथं राहायचंय.

जायचं कसं तर एफ्टेलिंग ज्या गावात आहे त्या काट्सह्यूवलला रेल्वे स्टेशनच नाही. इथून ट्रेननं टिलबर्ग आणि तिथून बस. इथं आता बँकेचं कार्ड टेकवून चढता येतं पण प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं चालत नाहीत, आणि उतरताना परत टेकवायचं, विसरलात की जास्त पैसे कापतात. बाबा विसरणार. बाबांच्या मागं मी उतरणार, ठरलं.

आता मुख्य मुद्दा. तीन टोळ्या करायच्या.

पहिली दादा आणि छोटू. हे दोघं दार उघडायच्या आधी पोचून सरळ मोठ्या कोस्टरकडं पळतील. रांगा अकरानंतर फुगतात, त्यामुळं मोठं जे काय आहे ते पहिल्या तासाभरात उरकायचं. इथं योरिस एन दे द्राक म्हणून लाकडी कोस्टर आहे, दोन रुळांवर दोन गाड्या एकमेकींशी शर्यत लावतात, एक पाण्याची एक आगीची, आणि छोटू हरला तर परत बसायचं म्हणणार हे धरूनच चला. मग बारोन १८९८ आहे, ती खाणीची गाडी तीस मीटर उंचीवर नेते, कड्यावर आणून क्षणभर लटकवून ठेवते, आणि मग सरळ साडेसदतीस मीटर खाली, नव्वदच्या स्पीडनं. हरिपूरच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसून दादानं डोळे मिटून मारुतीस्तोत्र म्हटलं होतं ते मी विसरले नाहीये, तेव्हा त्यानं आपलं काय ते आधीच ठरवावं, कड्यावर गेल्यावर उतरता येत नाही.

यात एक युक्ती आहे. काही राइडला एकट्या माणसांची वेगळी रांग असते, गाडीत एखादी जागा रिकामी राहिली की त्यातून एकेकाला बसवतात. पंढरपूरला जशी पदस्पर्शाची रांग आणि मुखदर्शनाची रांग वेगळी असते ना, तसंच समज, दर्शन होतं, पाय धरायला मिळत नाहीत. शेजारी शेजारी बसायला मिळेलच असं नाही, म्हणून छोटूला घेऊन त्या रांगेत जायचं नाही, पण दादाला एकट्याला दुसऱ्यांदा जायचं असेल तर तीच बरी.

दुसरी टोळी तू, मी आणि पिल्लू. तुला वाटत असेल तू फक्त पोरगी सांभाळायला चाललीयेस, तर नाही. तिथं बेबी स्विच म्हणून सोय आहे, छोट्या मुलासोबत एक जण थांबतो, दुसरा राइड करून येतो आणि मग पहिल्याला पूर्ण रांग परत लावावी लागत नाही. दारावरच्या पोराला आधी विचारायचं, तो सांगतो कुठून यायचं ते. वहिनी तू बारोनला बसायचंस. दादा नाही बसला तरी तू बसायचंस.

आणि तिसरी टोळी आई, बाबा आणि तुझे दाजी. (हे गाळ.) आईचे गुडघे बघता तिला दिवसभर चालवणं शक्य नाही, आणि व्हीलचेअर म्हटलं की ती म्हणणार मी काय म्हातारी झालेय का. तिथं व्हीलचेअर भाड्यानं मिळते, ती मी आधीच बुक करून ठेवणार आहे आणि तिला सांगणार आहे की ही बॅगा ठेवायला घेतलीय. तासाभरानं ती आपोआप बॅगांच्या जागी बसेल बघ. मुलांसाठी पण ओढायच्या लाकडी गाड्या मिळतात, पिल्लूला त्यात टाकली की झोपते पण आणि जेवणाचा डबा पण मावतो.

या तिघांसाठी सगळ्यात छान म्हणजे गोंदोलेट्टा, तळ्यातून संथ फिरणाऱ्या छताच्या होड्या, कुठं उडत नाही की भिजवत नाही. आणि वाफेच्या इंजिनाची खरी आगगाडी आहे, पार्कभर फिरते. बाबांना इंजिनाशी उभं केलं की आपले दोन तास सुटले, मिरज स्टेशनवरच्या जुन्या गोष्टी ते त्या ड्रायव्हरला मराठीत सांगतील आणि तो मान हलवेल. फक्त एक ध्यानात ठेव, व्हिला व्होल्टा म्हणून एक घर आहे, बाहेरून साधं दिसतं, आत गेलं की घर आपल्याभोवती गरागरा फिरतंय असं वाटतं. आईला चक्करेचा त्रास आहे, तिथं तिला अजिबात न्यायचं नाही, ती कितीही म्हणाली "बसायचंच तर आहे" तरी.

दुपारी एकला सगळ्यांनी जंगलात भेटायचं. एकलाच का, तर तेव्हा राइडच्या रांगा सगळ्यात लांब असतात आणि जंगलात रांगच नसते, नुसतं चालायचं, जागोजागी बाकडी आहेत, झाडांची सावली आहे. तिथं लाल पांढऱ्या अळंब्यांना कान लावला की आतून गाणं ऐकू येतं. एक गाढव आहे, नाणं टाकलं की मागच्या बाजूनं सोन्याचं नाणं टाकतं, छोटू त्यावर आठवडाभर हसणार. आणि आईला मुद्दाम दाखवायचं ते भारतीय कमळांचं. १९६६ सालचं आहे ते, गोष्ट बेल्जियमच्या फाबिओला राणीनं लिहिलेली, राणी व्हायच्याही आधी. आत अंधारात बसायचं, समोर तळं, बेडकांचा बँड वाजतो आणि कमळं उघडून त्यातून पऱ्या नाचायला लागतात. भारतातलं म्हणून सांगतात पण असला भारत मी तरी कुठं बघितला नाही. तरी दर वेळी जाऊन बसते. पहिल्या वर्षी इथं नवीन होते, कुणी ओळखीचं नव्हतं, तेव्हा एकटीच गेले होते आणि तिथं बसून उगाच रडले होते. बेडकांना बघून. जाऊ दे.

जेवणाचं. घरचं खायला आत नेता येतं, कुणी काही बोलत नाही, बाकड्यांवर बसून डच लोक पण घरचे ब्रेडच खात असतात. तेव्हा येताना सांगलीचं भडंग दोन किलो आण, एक किलो माझं आणि एक किलो एफ्टेलिंगचं. धपाटे मी इथं करेन. दही मिळतं. आत शाकाहारी म्हणजे बटाट्याचे फ्राइज, पॅनकेक आणि पोफर्चेस, पोफर्चेस म्हणजे आपल्या आप्प्यांचे चपटे गोड भाऊ, वर लोणी आणि पिठीसाखर. ते एकदा खायचेच, बाकी सगळं महाग आहे. आणि भडंगाचे कागद फेकायला पोरांना पाठव, तिथं होले बोले खाइस नावाचे जाडे पुतळे आहेत, तोंड उघडून "कागद इकडं" असं डचमधे ओरडत असतात, तोंडाजवळ कागद धरला की सर्रकन ओढून घेतात आणि थँक्यू म्हणतात. पोरं मग कचरा शोधत फिरतात. माझ्या मते सांगलीच्या आमराईत असा एक बसवला पाहिजे, पण आपल्याकडं त्याच्या तोंडात पहिल्याच दिवशी काय काय जाईल याचा विचार करवत नाही.

पाऊस येणार. ॲपमधे ऊन दाखवलं तरी येणार. छत्री नको, वाऱ्यानं उलटी होते, पातळ रेनकोट आण प्रत्येकाला, सांगलीतूनच आण, इथं गेटवर घेतला तर बघवत नाही किंमत. पाऊस आला की सगळे छताखालच्या राइडकडं धावतात, सिम्बोलिका, द्रोमफ्लुख्त, सगळीकडं रांग वाढते. तेव्हा आपण धावायचं नाही. कुठंतरी आडोशाला बसून भडंग खायचं, पंधरा मिनिटांत जातो तो, आणि मग बाहेरच्या राइड ओल्या पण रिकाम्या मिळतात. फाता मोर्गाना म्हणून होडीतून अरबी गोष्टींच्या शहरातून जायचं एक आहे, ते आणि द्रोमफ्लुख्त सगळ्यांनी एकत्र बसायचं, तिथं वरात चालेल. द्रोमफ्लुख्तमधे टांगलेल्या पाळण्यातून पऱ्यांच्या जंगलावरून नेतात, पिल्लूला मांडीवर झोप लागली तर उठव, नंतर महिनाभर ऐकवेल.

पार्क बंद व्हायची वेळ झाली की सगळे बसकडं पळत सुटतात. तेव्हा आपण उलट तळ्याकडं जायचं. तिथं पाण्याचा शो असतो, अक्वानुरा, कारंजी, लाइट, संगीत, चार मोठे बेडूक पण आहेत. आईला वाटेल अजून दुपारच आहे कारण मेमधे इथं साडेनऊपर्यंत उजेड असतो, तिला घड्याळ दाखवायला लागेल. शो संपेपर्यंत पहिल्या बसची चेंगराचेंगरी पण उरकलेली असते.

आणखी एक राहिलं, महत्त्वाचं. छोटूची उंची मोज आणि मला कळव. योरिसला ११० सेंटिमीटर लागते, पायथॉन नावाचा कोस्टर आणि ते भुताचं जहाज आहे त्याला १२०, आणि बारोनला १३२. तिथं गेटवर पट्टी लावून मोजतात आणि एक सेंटिमीटर कमी असलं तरी परत पाठवतात, गेल्या वर्षी आमच्यातला एक पोरगा पाऊण तास रांगेत उभा राहून तिथून रडत परत आला, आणि चूक आमचीच, घरी मोजलंच नव्हतं. त्याला आत्ताच काय काय जमणार आणि काय नाही ते सांगून टाक, महिनाभर रुसून घेऊ दे, इथं येऊन रुसायला नको. दाराच्या चौकटीला उभा कर, टाचा टेकवून, चप्पल काढून. तो टाचा उचलतो, बघ.

तुझी,
वन्सं

ता. क. बूट आमच्याच गाडीतल्या एकाचा निघाला. त्याला घरी पोचेपर्यंत पत्ता नव्हता.