एफसी-150 विकायला काढतोय

प्रिय सुहास,

गाडी विकायची, हे अखेर पक्कं केलं. जाहिरात अजून दिलेली नाही. तू मागे म्हणाला होतास, "ही कधी काढलीस तर आधी मला कळव," म्हणून पहिलं पत्र तुलाच. माझं माल वाहायचं काम थांबलं आणि गाडी आठवडे न् आठवडे ताडपत्रीखाली उभी राहायला लागली. ते मला बघवत नाही.

तू तिला आतापर्यंत बाहेरूनच पाहिलंयस. तेव्हा घ्यायच्या आधी ती काय आहे ते नीट समजून घे. अमेरिकेतल्या विलीज कंपनीने ही फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजेच एफसी जीप 1956 च्या शेवटी बाजारात आणली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 81 इंच, त्यांच्याच सीजे-5 जीपइतकंच. पण ड्रायव्हरला थेट पुढच्या एक्सेलवर बसवलं, इंजिन दोन सीटच्या मधोमध घेतलं आणि बोनट काढूनच टाकलं. त्यामुळे जेमतेम सव्वाबारा फुटांच्या गाडीत माल ठेवायचा सहा फुटांहून लांब हौदा बसला. एवढ्या आखूड गाडीत एवढी जागा काढणं मला आजही कमाल वाटते. रूप ठरवलं ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी, जीपस्टर आणि पुढे वॅगोनियर या जीप गाड्या ज्यांच्या हातून आल्या तेच. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या टोलेडोच्या कारखान्यात साधारण 30 हजार गाड्या बनल्या आणि उत्पादन थांबलं. भारतात महिंद्राने मात्र एफसी त्यानंतरही बनवली.

ड्रायव्हर असा पुढच्या चाकांवर बसतो अशा बिनबोनटच्या पिकअप इतरांनीही काढल्या. फोक्सवॅगनची 1952 पासूनच होती, फोर्डची इकॉनोलाइन आणि शेवरोलेची रॅम्पसाइड 1961 मध्ये आल्या, डॉजची ए-100 1964 मध्ये. सगळ्या देखण्या, पण कारखान्यातून चारही चाकांना जोर घेऊन निघालेली यात एकही नाही. चिखलात, चढावर, भरल्या हौद्यानिशी निघते ती एफसीच. माझा जीव तिच्यावर जडला तो यासाठी.

आता तिचा स्वभाव. इंजिन आणि माणसं दोन्ही पुढे, त्यामुळे रिकामी असताना गाडी नाकावर जड असते. हा या बनावटीचाच गुण आहे. फोर्डने तर इकॉनोलाइन पिकअपच्या मागच्या बाजूला 165 पौंडांचं लोखंड बसवलं होतं. रिकाम्या गाडीने उतारावर जोरात ब्रेक मारलास तर मागची चाकं हलकी पडतात आणि गाडी शेपूट फिरवायला बघते. हौद्यात दोन-तीन पोती टाकलीस की तीच गाडी शहाण्यासारखी चालते. पाटे बसतात, स्टेअरिंग हलकं होतं, खड्ड्यातलं उडणं थांबतं. ती ओझ्यासाठीच बांधलीय. माझी गाडी 1959 ची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवल्यानंतरची. आधीच्या अरुंद गाड्यांपेक्षा ही वळणावर बरीच भरवशाची.

कामाचं सांगतो, काही हातचं न राखता. केबिन चासीवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून, पूर्ण उतरवली होती. चासी खरवडून, सांधे तपासून, मग रंगवली. पायाखालचा पत्रा दोन्हीकडे सडलेला होता, तो कापून नवीन झाळलाय, पुट्टी भरून झाकलेला नाही. हे तू स्वतः बघ. गाडीखाली झोप, बॅटरी मार, केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत आणि पायरीच्या आतल्या बाजूला चुंबक लावून बघ, पुट्टीवर तो धरत नाही. एफसी कुजते ती नेमकी तिथे, आणि वरचा चकचकीत रंग ते कधीच सांगत नाही. कोणाचीही "रिस्टोअर केलेली" गाडी बघायला गेलास तरी हेच कर. डाव्या दाराचा पत्रा मूळचा आहे. त्यावरचा पोचा मी मुद्दाम ठेवलाय. पुढची काचही मूळची. तिच्यावर वायपरची पुसट रेघ आहे, पण ती कारणाशिवाय बदलू नकोस, कारण तशी वळणाची काच आता मिळवणं फार कठीण.

इंजिन मूळचंच, हरिकेन नावाचं, 2.2 लिटरचं, चार सिलिंडरचं. इनटेक वॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना. ब्लॉक बोअर करून पिस्टन नवे टाकलेत. एक्झॉस्ट वॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवल्या, कारण आजच्या पेट्रोलमध्ये शिसं नसतं. दोन सीटमधलं झाकण उचललं की सगळं इंजिन समोर. बाहेर धो धो पाऊस पडत असताना मी केबिनमध्ये बसून प्लग बदललेत, कार्ब्युरेटर साफ केलाय. हे सुख दुसऱ्या गाडीत नाही. उलट उन्हाळ्यात त्या झाकणाची धग मांडीला लागते. खालून जाड नमद्याचा थर दिलाय, तरी लागतेच. पार्ट्सची चिंता करू नकोस. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सेल यांचं बरंचसं सामान त्या काळच्या जीपशी जुळतं. अडचण येईल ती केबिनच्या पत्र्याची आणि काचांची.

मूळ रचनेला मी हात लावला तो ब्रेकमध्ये. तेव्हा चारही चाकांना ब्रेकच्या तेलाची एकच लाइन असायची. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. म्हणून दोन लाइनींचा मास्टर सिलिंडर टाकलाय. काही मंडळींना हे खपणार नाही. पण माणसं बसवून डोंगर उतरायचा तर मला तेच बरोबर वाटतं, आणि जुना सिलिंडर गुंडाळून ठेवलाय, तो गाडीबरोबर मिळेल.

ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीतून, तेल किंचित पाझरतं, खाली पुठ्ठा ठेवत जा. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाक, त्याला चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारा सिंक्रो नाही. आणि ताशी 70 किलोमीटरच्या पुढे नेऊ नकोस. पळते, पण इंजिन कळवळतं आणि ते ऐकवत नाही.

विचारणा आल्यात. एकाला चासी खाली बसवून मोठं व्ही-8 टाकायचंय, दुसऱ्याला दुकानाच्या काचेमागे शोभेला उभी करायचीय. पैसे दोघेही चांगले देत होते. मी दोघांनाही नाही म्हणालो. तुझ्या रोपवाटिकेत ती रोज माती वाहील, खत वाहील, कुंड्या वाहील. हौद्याची फळी खरवडली जाईल, फाळका वाजेल, मला ते चालेल. किंबहुना मला तेच हवंय. किमतीचं आपण समोरासमोर बसून ठरवू, त्यावरून आपलं अडायचं नाही.

येशील तेव्हा सकाळी ये. मी इंजिनला हात लावणार नाही, थंड असतानाच तू स्वतः चालू करून बघ. सोबत तुझा गॅरेजवाला असला तर उत्तम. त्याला खालून सगळं उघडून बघू दे. एक फेरी रिकामी मार, एक भरून मार, आणि मग सांग.

तुझं हो-नाही कळेपर्यंत गाडी कोणाला दाखवत नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश